उसन्या ॲक्सलवरची सेव्हन

लोटस या ब्रिटिश कंपनीची सेव्हन ही छोटी, उघडी गाडी १९५७ साली बाजारात आली आणि तिचे उत्पादन, नाव व मालक बदलत का होईना, केटरहॅम सेव्हन म्हणून आजही चालू आहे. इतक्या वर्षांत ती कशी घडत गेली हे सांगताना बहुधा इंजिनांच्या अश्वशक्तीचा चढता हिशेब मांडला जातो. तो हिशेब खोटा नाही. पण इंग्लंडमध्ये एका मित्राच्या गॅरेजात या गाडीच्या सुट्या भागांच्या खोक्यांशी हिवाळाभर झटल्यावर, आणि वेगवेगळ्या काळांतल्या तीन-चार सेव्हनमध्ये बसून पाहिल्यावर, माझे मत असे झाले आहे की ही गाडी आपणहून फारशी कधी बदललीच नाही. एखाद्या मोठ्या कारखान्याने एखादा ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा आस, किंवा एखादे इंजिन बनवणे थांबवले, की सेव्हनला बदलणे भाग पडले. तिची सारी प्रगती अशी नाइलाजाची आहे, आणि नाइलाजच तिला मानवलेला दिसतो.

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकलेला अभियंता होता. १९४८ साली ऑस्टिन कंपनीच्या, योगायोगाने सेव्हनच नाव असलेल्या जुन्या गाडीच्या सांगाड्यावर त्याने आपली पहिली गाडी उभी केली, आणि १९५२ साली उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागातून मार्क सिक्स ही सुट्या भागांची गाडी विकायला काढली. तिच्या जागी पुढे सेव्हन आली. गंमत अशी, की लोटसची इलेव्हन १९५६ सालची आहे. म्हणजे अकरा आधी जन्मली आणि सात मागाहून. मधला रिकामा राहिलेला आकडा या धाकट्या, स्वस्त गाडीच्या वाट्याला आला.

पहिल्या सेव्हनची रचना आजही समोर उभे राहून एका नजरेत समजते. पोलादाच्या बारीक नळ्या त्रिकोणांत जोडून केलेला सांगाडा, त्यावर रिव्हेट मारून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि तो पत्रा केवळ झाकण्यापुरता नसून सांगाड्याला ताठपणा देणारा. वजन जेमतेम ५०० किलो. इंजिन फोर्डच्या साध्या कौटुंबिक गाडीचे, ११७२ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे, आणि गिअर तीन. मागचा ॲक्सल मात्र नॅश मेट्रोपॉलिटनचा, म्हणजे ब्रिटनमध्ये तयार होऊन अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एका बुटक्या गाडीचा. ही उसनवारी सेव्हनच्या पहिल्याच दिवसापासूनची आहे.

गाडी सुट्या भागांत विकण्यामागे हौसेचा भाग कमी आणि कराचा जास्त होता. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर जबर खरेदी कर बसे, सुट्या भागांवर तो बसत नसे. तयार सेव्हन करासह १०३६ पौंडांना पडे आणि तीच खोक्यांतून घेतली तर ५३६ पौंडांना. जवळपास निम्म्या किमतीचा फरक असल्यावर पाना हातात घ्यायला कोण कचरेल? सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत मिळत नसे, म्हणून लोटसने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या, ही गोष्ट सेव्हनवाल्यांच्या प्रत्येक बैठकीत हमखास ऐकायला मिळते. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

१९६० साली आलेली दुसरी मालिका म्हणजे पहिलीचीच काटकसरीची आवृत्ती. सांगाड्यातल्या काही नळ्या कमी झाल्या, नाक आणि मडगार्ड फायबरग्लासचे झाले, आणि ॲक्सल स्टँडर्ड कंपनीच्या कम्पॅनियन गाडीचा आला. हा ॲक्सल तिचे दुखणे ठरला. त्याला जागेवर धरणारी त्रिकोणी भुजा थेट डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या दातेरी यंत्रणेच्या, पेटीला खालून जोडलेली असल्यामुळे गाडी जोरात चालवली की सगळा ताण त्या पेटीवर येई आणि तेल गळू लागे. १९६१च्या सुपर सेव्हनमध्ये कॉसवर्थने तयार केलेले १३४० सीसीचे ८५ अश्वशक्तीचे इंजिन आले, तेव्हा हे दुखणे अधिकच उघडे पडले. तरीही लोटसच्या काळातली मला सर्वांत देखणी वाटणारी सेव्हन हीच आहे. १९६८च्या तिसऱ्या मालिकेने ॲक्सलही फोर्डचा घेतला, १६०० सीसीचे क्रॉसफ्लो इंजिन घेतले, आणि गाडी पहिल्यांदाच भरवशाची झाली. ती थोडक्या संख्येने, साडेतीनशेच्या आसपास, बनली; पण आज रस्त्यावर दिसणारी जवळजवळ प्रत्येक सेव्हन या मालिकेच्याच वंशातली आहे.

त्यानंतर १९७० साली चौथी मालिका आली, आणि सेव्हनच्या इतिहासातला स्वखुशीचा म्हणावा असा मोठा बदल हा एवढाच. फायबरग्लासची सबंध नवी काया, आत ऐसपैस जागा, कोनदार रेषा, तरुण गिऱ्हाइकाला साजेसे रंग. कागदावर ती प्रत्येक बाबतीत आधीच्या गाडीपेक्षा सोयीची होती, आणि तिला अपयशी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण दोन-तीन वर्षांत ती सहाशेच्या घरात खपली. पण तिच्यात बसले की कशात तरी बसल्यासारखे वाटते. तिसरीत बसले की काहीतरी अंगात घातल्यासारखे वाटते. हा फरक मोजपट्टीने दाखवता येणार नाही. पुढे जे घडले त्यावरून तो खरा असावा, एवढे मात्र म्हणता येते.

ग्रॅहम नर्न हे सरे परगण्यातल्या केटरहॅम गावचे विक्रेते बऱ्याच आधीपासून सेव्हन विकत होते. १ एप्रिल १९७३ रोजी ब्रिटनमध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि खोक्यांतून गाडी घेण्यातला कराचा फायदा संपला. चॅपमनला एव्हाना महागड्या, पूर्ण बांधलेल्या गाड्यांकडे वळायचे होते. त्याच वर्षी नर्न यांनी सेव्हनचे हक्क घेतले. सुरुवात त्यांनी चौथ्या मालिकेनेच केली. पण तिचे भाग मिळेनासे झाले तसे १९७४ साली ते तिसऱ्या मालिकेकडे परत गेले. पुढे जाण्यासाठी एक पायरी मागे येणारी गाडी मला दुसरी माहीत नाही. आणि ही पायरीही भाग न मिळाल्यामुळेच उतरावी लागली, हे विसरू नये.

यापुढचा पंधरा वर्षांचा काळ मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण त्यात बदल जवळजवळ सगळे डोळ्याआड, गाडीच्या मागच्या टोकाला झाले. फोर्डच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या एस्कॉर्टचे दिवस १९८०मध्ये संपले आणि तिचा ॲक्सल दुर्मीळ झाला; तेव्हा केटरहॅमने मॉरिस आयटलचा ॲक्सल घेतला. १९८४ साली आयटलही बंद पडली. आता उसना घेण्याजोगा हलका, एकसंध ॲक्सलच कुणी बनवत नव्हते, आणि अशा कोंडीतून १९८५च्या सुमारास दे दियॉन पद्धतीचा मागचा भाग आला. या रचनेत जड डिफरन्शियल सांगाड्याला पक्के बसवलेले असते, आणि दोन्ही मागची चाके एका वाकड्या, हलक्या नळीने एकमेकांना जोडलेली राहतात. चाके जमिनीशी सरळ उभी राहतात हा एकसंध ॲक्सलचा गुण त्यामुळे टिकतो, आणि खड्ड्यावरून जाताना चाकांबरोबर उसळणारे ओझे मात्र बरेच कमी होते. पाचशे किलोच्या गाडीत हा फरक पाठीच्या कण्याला कळतो. एकसंध ॲक्सलची सेव्हन खराब रस्त्याच्या वळणावर मागून टुणकन बाजूला सरकते. दे दियॉनची त्याच वळणावर एकदा दबून पुन्हा सावरते. केटरहॅमच्या काळातली सर्वांत मोठी सुधारणा कोणती, असे कुणी विचारले तर कुठल्याही इंजिनाच्या आधी मी या वाकड्या नळीचे नाव घेईन.

आता त्या खोक्यांविषयी, कारण सुट्या भागांची गाडी घेणाऱ्याला तिच्या इतिहासाइतकेच तिच्याशी होणारे झगडेही कळायला हवेत. आम्ही जोडली ती फोर्डच्या १.६ लिटर सिग्मा इंजिनाची, १२५ अश्वशक्तीची सेव्हन. सांगाडा पत्र्यासह तयार येतो, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग बहुतांशी बसवलेले असते, आणि रंगकाम झालेले असते. वेल्डिंग कुठेही करावे लागत नाही. ज्याला टॉर्क पाना वापरता येतो आणि ज्याच्याकडे संयम आहे, त्याला शंभर तासांच्या आसपास हे काम जमावे, आणि घाई नसलेल्याने त्यात आणखी भर धरावी. आमचे तास बरेच वाढले ते माझ्या एका चुकीमुळे. डिफरन्शियल सांगाड्याच्या दोन कानांमध्ये एका लांब बोल्टवर टांगायचे असते आणि डावी-उजवीकडे वॉशर घालून ते बरोबर मध्यावर आणायचे असते. एक जण गाडीखाली उताणा पडून ते धूड छातीवर तोलतो, दुसरा वरून बोल्ट सरकवतो, आणि शेवटचा वॉशर नेमका त्याच क्षणी बोटांतून निसटून घरंगळत जातो. मी वॉशर मोजताना एका बाजूला एक जास्त घातला, सगळे आवळून झाल्यावर ते ध्यानात आले, आणि सबंध रविवार पुन्हा तिथेच गेला. इंजिनाचे काम त्यामानाने सोपे वाटले. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून भाड्याच्या क्रेनला टांगायचे, शेपूट खाली आणि नाक वर असे तिरके करून मधल्या बोगद्यात सरकवायचे, आणि रंग खरवडू नये म्हणून सांगाड्याच्या नळ्यांना जुनी कांबळी गुंडाळायची. बोटभर जागेतून ते अख्खे यंत्र खाली उतरते तेव्हा दोघेही श्वास रोखून धरतात.

जोडणी झाली म्हणजे गाडी रस्त्यावर आली असे होत नाही. ब्रिटनमध्ये हाताने बांधलेल्या प्रत्येक गाडीला वैयक्तिक वाहन मान्यतेची सरकारी चाचणी द्यावी लागते. तपासनीस ब्रेक, दिवे, धूर आणि आवाज तर पाहतोच, शिवाय पादचाऱ्याला लागेल अशी कोणतीही धारदार कड खपवून घेत नाही. म्हणून सस्पेन्शनच्या बोल्टांवर प्लास्टिकच्या टोप्या आणि पत्र्याच्या कडांवर रबरी पट्ट्या लावून गाडी चाचणीला नेतात. बरेच जण घरी परतल्यावर त्यातल्या निम्म्या काढून टाकतात, ते आपण पाहिले न पाहिलेसे करावे. कराचा फायदा संपून अर्धशतक उलटले तरी लोक ही सव्यापसव्ये का करतात याचे उत्तर मला पहिल्या फेरीतच मिळाले. गाडीत कुठलाही आवाज आला की तो कोणत्या बोल्टाकडून येतो आहे हे आपल्याला ठाऊक असते.

इंजिनांचा प्रवास मी भरभर सांगतो, कारण त्याच्या कथा सगळीकडे आहेत. क्रॉसफ्लोनंतर १९९० साली व्हॉक्सहॉलचे दोन लिटरचे १७५ अश्वशक्तीचे इंजिन आले. त्याचेच टोक म्हणजे फॉर्म्युला वनचे माजी चालक जोनाथन पामर यांच्या नावाची जेपीई: २५० अश्वशक्ती, वजन ५३० किलोच्या आसपास, आणि समोर काचच नाही. ६० मैलांचा वेग ती साडेतीन सेकंदांच्या आत गाठत असे. पण गाडी म्हणून तिच्याहून मोलाचे ठरले ते १९९१पासून आलेले रोव्हरचे के सिरीज. ॲल्युमिनियमचे हे हलके इंजिन नाकावरचा भार कमी करते आणि सेव्हनला जणू तिच्याच मापाने शिवलेले आहे. हेड गॅस्केटच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या पट्टीच्या, नाजुकपणाबद्दल त्याची जी ख्याती आहे तीही खरी आहे, तेव्हा जुनी गाडी घेताना शीतकाची (कूलंटची) पातळी आणि तेलाचा रंग डोळ्यांत तेल घालून पाहावा. १९९९च्या आर ५००मध्ये याच इंजिनातून २३० अश्वशक्ती काढली आणि गाडीचे वजन ४६० किलोंवर आणले. टनामागे ५०० अश्वशक्तीचा हिशेब तिच्या नावातच आहे.

२००५ साली एमजी रोव्हर बुडाली आणि पुन्हा तेच झाले: दुसऱ्याचे दुकान बंद पडल्यामुळे सेव्हनला नवे इंजिन शोधावे लागले. लहान गाड्यांना फोर्डचे सिग्मा आणि मोठ्यांना ड्युराटेक मिळाले. ड्युराटेकचे टोक म्हणजे २०१३ची ६२०आर: सुपरचार्जरसह ३१० अश्वशक्ती, कमाल वेग ताशी १५५ मैल. तो आकडा नीट पाहावा. एवढ्या ताकदीला वेग त्यामानाने कमी आहे, कारण सेव्हनचे उघडे मडगार्ड, उभी काच आणि बाहेर आलेले दिवे हवेला विटेसारखे सामोरे जातात. म्हणून वाढत्या ताकदीचा उपयोग फक्त खालच्या वेगांत, आणि तिथे मागच्या टायरांना ती पेलवत नाही. मला त्या गाडीत थरार वाटला, आनंद फारसा नाही. दुसऱ्या टोकाचे प्रयोग अधिक विचारी आहेत. रुंद एसव्ही सांगाड्याने उंच माणसांची सोय केली. २००५च्या सुमारास आलेल्या सीएसआरने मागे स्वतंत्र सस्पेन्शन आणि पुढे सांगाड्याच्या आत दडवलेल्या स्प्रिंगा आणल्या. ती निःसंशय अधिक शहाणी गाडी आहे, आणि तरीही दे दियॉनवाल्या साध्या सेव्हनला तिने बाजूला सारले नाही. चौथ्या मालिकेची आठवण इथे होते.

चालवताना ही गाडी कशी वाटते हे एका प्रसंगाने सांगतो. केटरहॅमच्या आसपास नॉर्थ डाउन्सच्या टेकड्यांत दोन्ही बाजूंना उंच कुंपणे असलेले अरुंद रस्ते आहेत. तिथे ताशी ४० मैलांवर, कंबर मागच्या चाकांच्या लगेच पुढे आणि रस्ता हात खाली सोडला तर लागेल इतका जवळ असताना, लांब बोनेटच्या दोन्ही बाजूंना पुढची चाके वळताना आणि त्यांच्याबरोबर मडगार्ड थरथरताना समोर दिसतात. स्टिअरिंगला मदत करणारी यंत्रणा नाही, ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही, एबीएस नाही, एअरबॅग नाही. रस्त्यावरची डांबराची जोडपट्टी आधी डोळ्यांना दिसते आणि पाठोपाठ तळव्यांना कळते. हीच गोष्ट महामार्गावर तासभर सोसली की तिचा जाच होतो. कापडी टप आणि बाजूचे पडदे लावून आत शिरणे म्हणजे योगासन आहे, पाऊस कुठून तरी आत येतोच, पायांशी इंजिनाची धग असते, आणि उतरताना बाजूच्या सायलेन्सरला पोटरी लागली तर त्याची खूण आठवडाभर राहते. हे दोष लोटसच्या काळापासून तसेच आहेत. ज्याला रोज कामावर जायला गाडी हवी त्याने इथे वेळ घालवू नये.

सध्याच्या गाड्यांत मला मनापासून आवडलेली म्हणजे २०२१ची सेव्हन १७०. तिच्यात सुझुकीचे ६६० सीसीचे तीन सिलिंडरांचे टर्बो इंजिन आहे, ८४ अश्वशक्तीचे, आणि मागे पुन्हा एकदा उसना एकसंध ॲक्सल. वजन ४४० किलो, म्हणजे पहिल्या लोटस सेव्हनपेक्षाही हलकी; जपानच्या छोट्या गाड्यांच्या नियमात बसावी म्हणून रुंदी १४७० मिलिमीटरवर आणलेली. टायर इतके अरुंद आहेत की साध्या वेगातही ती वळणावर हळूच घसरते आणि हळूच परत येते, आणि चालकाला काहीतरी करायला मिळते. खडबडीत रस्त्यावर तो ॲक्सल टणाटण उड्या मारतो, हे मात्र मान्य करावे लागेल. केटरहॅम २०२१पासून जपानच्या व्हीटी होल्डिंग्जच्या मालकीची आहे. त्याआधी नर्न कुटुंबाकडून ती एका गुंतवणूकदार गटाकडे आणि मग टोनी फर्नांडिस यांच्याकडे गेली, फॉर्म्युला वनमध्ये पैसा ओतून झाला, आणि या सगळ्या उलथापालथीचा गाडीवर ओरखडाही उठला नाही.

२०२३ साली कंपनीने विजेवरची एक प्रायोगिक सेव्हन दाखवली: ५१ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि वजन ७०० किलोच्या किंचित आत. २० मिनिटे शर्यतीच्या मार्गावर, १५ मिनिटे चार्जिंग, पुन्हा २० मिनिटे, एवढेच उद्दिष्ट त्यांनी ठेवले, आणि तो प्रामाणिकपणा मला आवडला. पण आजवर सेव्हनने जे जे उसने घेतले ते हलके होते म्हणून चालले. उसनी मिळणारी बॅटरी तशी होईपर्यंत त्या गाडीकडे मी लांबूनच पाहीन.

घ्यायचीच असेल तर माझी शिफारस जुन्या सिग्मा इंजिनाच्या, दे दियॉनच्या, सव्वाशे ते दीडशे अश्वशक्तीच्या सेव्हनची. गाडी घरी बांधलेली असेल तर बांधणाऱ्याने काढलेली छायाचित्रे मागावीत. ज्याने नीट बांधली त्याच्याकडे ती असतात. सांगाड्याच्या खालच्या नळ्या, विशेषतः जिथे ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाला टेकतो तिथे, बोट फिरवून पाहाव्यात, कारण रंगाचा पापुद्रा फुगला असेल तर त्याखाली गंज असतो. आणि बसून पाहायला जाताना जे बूट घालून गाडी चालवणार तेच घालून जावे. पेडल इतके जवळजवळ आहेत की रुंद तळव्याच्या बुटाने ब्रेक दाबताना क्लचही दबतो, आणि हे कळण्याची जागा विक्रेत्याचे अंगण असलेली बरी.